चाकणहून आणलेला बर्फाळ समुद्र

पिंपरीहून चाकणला सायकलने जायचं तर पहाटेच निघावं, हे आज सांगण्यात अर्थ नाही. आता त्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा असतात आणि माझं वय नव्वदीला टेकलंय. पण नवे पैसे नुकतेच चालू झाले होते त्या वर्षी मी हा प्रवास केला, वडिलांच्या बोजड काळ्या सायकलवर, एकटीने. ‘मुलीच्या जातीने एकटीने एवढं जाऊ नये’ असं तीन जणांनी सांगितलं होतं, तेवढं कारण मला पुरेसं होतं.

खरं कारण दोन बाटल्या. मी पिंपरीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते, अजून कायम न झालेली. आमच्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून औषध काढत, आणि त्या बुरशीच्या पाण्यात लोखंड किती हे बघणं माझं काम होतं. बुरशीला लोखंड लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की बुरशी माजते आणि औषध उतरत नाही. त्या कणभराचं मला वेडच लागलं होतं.

माझा दादा तेलाच्या जहाजावर खलाशी होता. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात देवमासे मारणाऱ्या बोटींना त्याचं जहाज तेल पोचवायचं. सुट्टीत आला की सांगायचा, “तिथे एकीकडे समुद्र हिरवट, त्यात पक्षी, मासे, देवमासे, नुसती जत्रा. आणि दोन दिवस पुढे गेलं की निळाशार, पण शुकशुकाट.” थंडी तीच, ऊन तेच, मग फरक कशाचा? हिरवेपणा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, एवढं मी वाचलं होतं. त्यांनाही आमच्या बुरशीसारखं लोखंड हवं असेल, आणि निळ्या पाण्यात ते नसेल, असं माझ्या डोक्यात बसलं. काचेच्या दोन बाटल्या मी आम्लाने धुऊन दादाला दिल्या. हिरव्या पाण्याच्या बाटलीला हिरवा दोरा, निळ्याच्या बाटलीला निळा. आणि बजावून लिहून दिलं, पाणी लाकडी बादलीनेच काढायचं.

आमचे साहेब हसले होते. “अहो बाई, समुद्रात मीठ असतं. लोखंड दुकानात मिळतं.” तरी शेवटी सोमवारी सकाळी एक तास लोखंड मोजायचं यंत्र द्यायला कबूल झाले. वर म्हणाले, “बघू काय दिवे लावता ते. नाहीतर लेबलं चिकटवायला माणसं हवीच आहेत.” मला प्रयोगशाळेत ठेवायचं की लेबलांच्या खात्यात धाडायचं, हे त्यांना त्याच महिन्यात ठरवायचं होतं.

बाटल्या होत्या चाकणला. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, दादा जहाजावरून उतरून थेट तिकडेच गेला, लेकीचं तोंड बघितलं, बाटल्या ठेवल्या आणि परस्पर मुंबईला परतला. रविवारी पाचला मी पॅडल मारलं.

भोसरीपर्यंत बैलगाडीची चाकोरी. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून सायकल नेली तर बरी जाते, कडेने नेली तर हाडं मोजून घ्या. भोसरीला नाशिक रस्ता लागला आणि जिवात जीव आला. मोशीला इंद्रायणी ओलांडून पलीकडच्या टपरीत चहा घेतला. नवा पैसा देऊ की आणा, यावर टपरीवाल्याने आणि मी बराच हिशेब केला आणि दोघेही चुकलो. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “कुनाची गं तू? आन् मागं कोन हाय?”

“मागे कुणी नाही,” मी म्हणाले.

“मंग पुढं कोन हाय?”

“समुद्र आहे.”

“चाकनला?” त्याने टपरीवाल्याकडे बघून मान हलवली. “ऊन लागलंय हिला.”

पुढे चिंबळी, कुरुळी. चढ फार नाही, पण वैशाखातलं ऊन नऊलाच डोक्यावर येतं, तेव्हा पाण्याची बाटली आणि ओला पंचा जवळ असू द्या. दहाच्या सुमारास चाकणच्या बाजाराबाहेर कांद्याच्या गाड्या दिसल्या. किल्ल्याच्या पडक्या तटाला वळसा घातला की वहिनीचं माहेर.

मी नणंद, म्हणजे जावयाच्या घरचं माणूस. पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडी, लगेच शेंगोळ्यांचं पातेलं चुलीवर. शेंगोळी म्हणजे कुळथाच्या पिठाची वळलेली वेटोळी, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली. चाकणकडे गेलात तर कुणाच्या तरी घरी खा. मी तीन वाट्या खाल्ल्या आणि मगच बाटल्यांचं विचारलं.

वहिनीने मान खाली घातली. निळ्या दोऱ्याची बाटली तिने कणगीमागून काढून दिली. हिरव्या दोऱ्याची आणली, ती रिकामी होती.

वहिनीची आई मात्र ताठ उभी राहिली. “म्या वतलं गडूत. जावयानं पिरथिमीच्या टोकाचं पानी आनलं, नातीच्या बारशाला तीर्थ म्हून शिंपडलं. शिशी दवाची असती, ताई. तीर्थ कुनी शिशीत ठिवतं व्हय?”

देव्हाऱ्यात तांब्याचा गडू होता. तळाशी थोडं पाणी शिल्लक होतं. मला इतका राग आला की कान तापले. हिरवं पाणीच गेलं, तुलना कशाशी करणार? मी म्हणाले, “मावशी, तांब्यात ठेवलं की पाणी बिघडतं.”

“बिघडतं न्हाई, गुन उतरतो. म्हून तर तांब्यात ठिवायचं. भांड्याचा गुन पान्याला लागतोच, हे तुमच्या साळंत शिकवत न्हाईत?”

तिचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. भांड्याचा गुण पाण्याला लागतो. मग मी वहिनीकडे वळले आणि विचारलं, दादाने पाणी काढलं कशात?

“बालदीत, वन्सं. लाकडाची मिळाली नाही म्हणाले जहाजावर. लोखंडी होती, पण घासूनपुसून घेतली होती.”

माझा राग त्या माउलीवरून उतरला तो थेट माझ्यावरच आला. जहाज लोखंडाचं, बादली लोखंडाची, आणि मी निघाले होते त्या पाण्यातलं लोखंड मोजायला. तरी निळी बाटली कापडात गुंडाळून घेतली. वहिनीच्या आईने डिंकाचे लाडू बांधून दिले. उन्हं कलल्यावर मी निघाले. परतीला वारा समोरून येतो, त्याचा हिशेब धरून वेळ ठेवा.

सोमवारी सकाळी यंत्रासमोर निळ्या पाण्यात रसायन टाकलं. लोखंड असलं की पाणी नारिंगी होतं. झालं ते चांगलंच नारिंगी. साहेब जवळ आले, आकडा बघितला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे खुर्ची सरकवली. “वा. ध्रुवाकडच्या समुद्रात लोखंड भरपूर. एक टिपण लिहून मासिकाला पाठवू. माझं नाव, खाली तुमचं. तुमच्या कायम होण्याचंही बघतो.”

मला ते हवं होतं, कबूल करते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाही मुलीचं नाव कधी छापून आलं नव्हतं. पण मी उठले, बागेतल्या माळ्याची लोखंडी बादली आणली, घासली, शुद्ध पाणी ओतलं, बाटली भरायला लागतो तेवढा वेळ ठेवलं आणि साहेबांसमोरच तपासलं. तेही नारिंगी झालं.

“हा आकडा समुद्राचा नाही, बादलीचा आहे,” मी म्हणाले.

“ही माळ्याची बादली आहे. जहाजाची नव्हे.”

“जहाजाची याहून गंजकी असेल.”

“अहो, मासिकात बादलीचं कोण विचारतंय? बाहेरचे लोकही बोटीवरूनच पाणी काढतात. त्यांचेही आकडे असेच आहेत.”

“मग त्यांच्याही बादल्या तपासायला हव्यात.”

साहेबांनी नोंदवही माझ्यापुढे ढकलली आणि आकडा लिहून सही करा म्हणाले. मी लिहिलं, ‘नमुना लोखंडी बादलीतून काढलेला. या पाण्यात लोखंड किती, ते सांगता येत नाही.’ खाली पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक लेबलांवर झाली.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की लोकांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या, हातमोजे असं सगळं सांभाळून ते पाणी पुन्हा मोजलं, आणि जुने बरेचसे आकडे जहाजांचे आणि बाटल्यांचे निघाले. त्या समुद्रात लोखंड फारच थोडं, आणि ते मिळालं की निळं पाणी हिरवं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या अंदाजाला तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि साहेबांच्या आकड्यालाही नव्हता.

त्या सोमवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मूळची रत्नागिरीची, तिथलं बोलणं तिने कधी सोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे किती लोखंड ते कळलं नाहीच?”

“नाही.”

“नोकरी लेबलांची झाली. हिरवं पाणी पण गेलं. मग येवढी सायकल दामटून काय मिळवलंस गो?”

“मला माहीत नाही, असं लेखी देऊन आले.”

आईने सुपातले तांदूळ पाखडून घेतले. मग म्हणाली, “तुझ्या त्या साहेबाला जमेल का असं लिहायला?”

“नाही जमणार.”

“मग जेवून घे,” ती म्हणाली, “उद्या लेबलं सरळ लाव.”