कवळीवाल्याची मेणाची घरं

त्याला सगळे कवळीवालाच म्हणायचे. दवाखान्यातले डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि हा मागच्या गल्लीतल्या कारखान्यात बसून त्या मापाचे दात घडवायचा. कारखाना नुसता म्हणायला. एक लांबट खोली, दोन टेबलं, एक भट्टी आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. सगळ्या जबड्यांची तोंडं दाराकडे, त्यामुळे नवीन माणूस आत आला की उंबऱ्यातच दचकायचा. बावीस वर्षं हा त्यांच्या सोबतीत बसला, पण स्वभावाने इतका गरीब की कुणावर एकदा दातओठ खाल्ले असतील तर शपथ.

त्या धंद्यात एक रीत असते. कवळी एकदम पक्की करायची नाही. आधी मेणाची करायची, त्यात दात खोवायचे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघायची. त्याला हसायला लावायचं, 'सासूबाई सोमवारी सकाळीच येणार' असं म्हणायला लावायचं. म्हणताना शिट्टी वाजली की दात थोडे सरकवायचे. सगळं जमलं की मग पक्की. कारखान्याचे उस्ताद म्हणायचे, "मेणातलं चुकलं तर बोटाने सरकतं रे. पक्क्यातलं सरकत नाही." हे वाक्य कवळीवाल्याच्या डोक्यात असं बसलं होतं की नवी चप्पल घेतानाही तो दुकानात पाऊण तास चालून बघायचा.

तर अशा माणसावर घर शोधायची वेळ आली. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्याला खोल्या हव्या झाल्या, आणि दोन महिन्यांची मुदत मिळाली.

घरात तिघं. हा, पडदे शिवणारी बायको आणि दहा वर्षांची लेक. बायकोचं काम घरातच, मशीन जिथे ठेवाल तिथे तिचं दुकान. लेकीला शाळा कुठेही चालणार होती, शाळाच नसती तर आणखी चाललं असतं. अडचण होती ती त्याच्या आईची. आई शहराबाहेर, हमरस्त्याच्या शेवटच्या गावात एकटी राहायची. वय सत्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र कात्रीसारखी. शहरात यायचं नाव काढलं की म्हणायची, "तुमच्याकडे खिडकी उघडली की समोरच्याचा टॉवेल दिसतो. मी नाही येणार टॉवेल बघायला."

म्हणून दर रविवारी ही तिघं तिच्याकडे. ऊन असो, थंडी असो, ताप असो, चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. त्याला कारण होतं. वडील गेले ते एका गुरुवारी, आणि त्याच्या आधीचा रविवार याने कंटाळा करून घालवला होता. बस चुकली, पुढची दोन तासांनी, म्हणून हा घरी परत येऊन पेपर वाचत बसला. तो पेपर त्याला अजून पाठ होता. आईचा एकही रविवार चुकू द्यायचा नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी धरलं. कुणाजवळ बोलला नाही, पण बायकोला ठाऊक होतं.

घरं तीन मिळाली. भाडं तिन्हीकडे जवळपास सारखं, नाहीतर त्यानेच निकाल लावला असता. पहिलं घर कारखान्यापासून चालत सात मिनिटांवर, पण तिथून आईकडे जायला तीन गाड्या बदलून साडेतीन तास. दुसरं हमरस्त्याच्या थांब्याशेजारी. तिथून आई पन्नास मिनिटांवर आणि कारखाना पावणेदोन तास. तिसरं मधलं, सगळीकडून सव्वा तास.

बायको म्हणाली, "अहो, कागदावर मांडा आणि एक ठरवा."

"कागदावर कळत नाही," तो म्हणाला. "घालून बघायला हवं."

"काय घालून?"

"घर."

बायकोने तोंडातली टाचणी काढून ठेवली. अशा वेळी ती टाचणी तोंडात ठेवणं धोक्याचं असतं, हे ती लग्नानंतर शिकली होती.

त्याचा बेत सरळ होता. रोज पहाटे उठायचं, त्या त्या घराच्या दाराशी जायचं, तिथेच राहतो असं धरायचं आणि तिथून कामाला निघायचं. आठवडाभर एक घर. बसलं तर पक्कं, टोचलं तर दुसरं.

पहिल्या आठवड्यात हा पाचला उठून, अंधारात डबा घेऊन साडेसहाला त्या घराच्या दाराशी पोचला. कारखाना उघडायचा नऊला. संध्याकाळी बायकोने विचारलं, "कसं होतं?"

"झकास. आठ त्रेपन्नला निघालो, नऊला आत."

"आणि साडेसहापासून आठ त्रेपन्नपर्यंत?"

"राहत होतो."

"कुठे?"

"पायरीवर."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. बायको मात्र हसली नाही. "आणि तिथेच खरं राहायला गेलात तर पाचला उठणार आहात का?" तिने विचारलं. तो म्हणाला, मेणात सगळं थोडं जास्त टोचतंच.

दुसरा आठवडा हमरस्त्याचा. पहाटेच्या बसने तिथवर जायचं, दाराला हात लावायचा आणि त्याच बसने उलट शहरात यायचं. पहिल्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "काय, विसरलात काही?" दुसऱ्या दिवशी काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने गणवेशाची वरची गुंडी लावली. चौथ्या दिवशी सुटे पैसे न मागता देऊ लागला, म्हाताऱ्यांना हात धरून चढवू लागला, आणि उतरताना कवळीवाल्याच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, तपासणी किती दिवस चालणार? नाही, म्हणजे, आम्ही असेच वागतो नेहमी."

"मी कवळ्या करतो," हा म्हणाला.

"हो हो," कंडक्टरने डोळा घातला. "सांगायचं नसतं तुम्हाला, मला कळतं."

त्या मार्गावरचे लोक अजून त्या आठवड्याची आठवण काढतात.

पण संध्याकाळचं परतणं धरून रोजचे साडेपाच तास गाडीत काढून माणूस पार पिळून निघाला. शुक्रवारी कारखान्यात त्याच्या हातून नको ते झालं. एका निवृत्त शिक्षकांची कवळी मटणाच्या दुकानदाराला गेली आणि दुकानदाराची शिक्षकांना. दुकानदाराने तक्रार केली नाही. तो म्हणाला, दिवसभर गिऱ्हाइकं माझ्याशी फार आदराने बोलली. शिक्षक मात्र दुसऱ्याच दिवशी तणतणत आले, पण त्यांचं एक अक्षर कुणाला कळेना. उस्तादांनी कवळ्या बदलून दिल्या आणि याला बाजूला घेतलं.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकलास," ते म्हणाले. "एकदा माफ. परत असं झालं तर तुला मेणाच्या कामावरही ठेवणार नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिसरं घर राहिलंच होतं, आणि अर्धवट सोडणं त्याला येत नव्हतं. शिवाय तिथून रविवारी आईकडे जाऊनही बघायचं होतं. म्हणून त्या रविवारी बायको, लेक, आईसाठी शिवलेली उशी आणि दोन पिशव्या अशी सगळी वरात मधल्या घरी.

"आता काय करायचं?" बायकोने विचारलं.

"पाच मिनिटं थांबायचं. घरातून निघताना कुणाचं काहीतरी राहतंच, तेवढा वेळ धरायला हवा."

"तुमचं डोकं राहिलंय घरी, ते आणायला जाऊ का?"

समोरच्या बाई चांगल्या होत्या, इथेच सगळा घोळ झाला. त्यांनी बघितलं, बंद दारापुढे नवं कुटुंब, हातात उशी. "अगं बाई, किल्ली हरवली का?" म्हणत त्यांनी तीन खुर्च्या बाहेर आणल्या, पाणी दिलं, लेकीला बिस्कीट दिलं. कवळीवाला सांगू लागला, "नाही ताई, आम्ही इथे राहत नाही, पण राहतो असं धरून..." एवढं ऐकून बाईंना त्याची फारच दया आली. "काळजी करू नका भाऊ," म्हणत त्या आत गेल्या आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला फोन केला.

किल्लीवाला सायकलवर आला, कुणाला काही विचारलं नाही, आणि याचं "अहो, अहो" संपायच्या आत कुलूप उघडून मोकळा झाला. दार उघडलं. आत रिकामी खोली, एक मोडकं स्टूल, आणि नेमका त्याच वेळी जिना चढून आलेला घराचा मालक. पुढचा पाऊण तास समजूत घालण्यात गेला. मालकाला कवळीच्या मेणापासून सगळं सांगावं लागलं. शेवटी मालक म्हणाला, "कुलूप नवीन बसवून द्या, आणि भाऊ, तुम्ही दुसरीकडेच बघा." तीनपैकी एक घर तिथेच कमी झालं.

आईकडे पोचायला दुपारचे दोन वाजले. जेवण झालं आणि हा पुढच्या खोलीत आडवा पडला. डोळे मिटले तोच घोरणं सुरू. पाचच्या बसला वीस मिनिटं राहिली तेव्हा बायकोने हलवलं. हा उठून बसला, डोळे चोळत म्हणाला, "बस किती वाजता?"

आई समोर खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "डोळे मीट."

"आत्ता तर उघडले."

"मीट म्हणते ना!"

त्याने मिटले.

"या खोलीची भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

लेक खुदकन हसली. बायको खिडकीबाहेर बघू लागली. याने डोळे उघडले, तर भिंत हिरवी. कोवळी, पोपटी म्हणावी अशी हिरवी.

"आज रंग दिलास?"

"पाच आठवडे झाले," आई म्हणाली. "शेजारच्या रंगाऱ्याकडून करून घेतली. पहिल्या रविवारी वाटलं, बघून काही म्हणशील. दुसऱ्या रविवारी वाटलं, दमला असेल. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम तुझं डोकं भिंतीकडे करून उशी दिली. तू भिंतीकडे तोंड करून घोरलास."

त्याने भिंतीला बोट लावून बघितलं. रंग कधीचाच वाळलेला.

"तू येतोस," आई म्हणाली, "जेवतोस, निजतोस, उठतोस आणि बस विचारतोस. साडेतीन तास काय आणि पन्नास मिनिटं काय, तू येतोस कुठे? तुझं अंथरूण येतं."

"आई, पण रविवार चुकवायचा नाही मला."

"ते माहीत आहे मला. बाबांचा एक रविवार चुकला, तो माझ्याकडून वसूल करतोयस चार वर्षं." तिचा आवाज जरा मऊ झाला. "अरे वेड्या, त्या रविवारी ते सकाळपासून झोपून होते. पाण्यालासुद्धा उठले नाहीत. तू आला असतास तर दोघं घोरत पडला असतात, आणि मी मधे बसून ऐकत."

कवळीवाला भिंतीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. बायकोला वाटलं रडतोय, लेकीला वाटलं हसतोय. दोघींचंही बरोबर होतं.

"कामाजवळचं घर घे," आई म्हणाली. "रोज घरी लवकर जा, वेळेवर नीज. आणि माझ्याकडे पंधरा दिवसांनी ये, पण शनिवारी ये, मुक्कामाला ये, आणि जागा ये. झोपायचं असेल तर तिकडेच झोपून ये."

"आणि मधला रविवार?" त्याने घाबरत विचारलं.

"मधल्या रविवारी मला माझी कामं नाहीत का? रंगारी म्हणतोय, स्वयंपाकघराला पिवळा शोभेल."

घर घेतलं, सात मिनिटांचं. सामान आलं, मशीन खिडकीशी लागली. पहिला आठवडा तो सवयीने पाचला उठायचा आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायचा. बायको पांघरुणातून म्हणायची, "आता आतमध्ये राहतो आपण. निजा." दुसऱ्या आठवड्यात तो सात वाजेपर्यंत झोपला. उस्तादांनी त्याच्या हातची कवळी उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता फळीवर ठेवली, म्हणजे चांगली होती.

पण मधला रविवार आला. सकाळपासून तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या. शेवटी बायकोने फोन लावून दिला. पलीकडून आई म्हणाली, "मी शिडीवर आहे, नंतर कर," आणि फोन ठेवला. शिडीवर म्हटल्यावर याचा दिवस आणखीच वाईट गेला.

पुढच्या शनिवारी दुपारचं काम उरकून तिघं निघाली. तीन गाड्या बदलल्या. गाडीत हा खुशाल झोपला, बायकोनेही झोपू दिलं. आईच्या दारात पाऊल टाकलं आणि चप्पल काढायच्या आधी आतल्या स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "पिवळा जरा भडक झालाय."

"आलास का!" आई म्हणाली, आणि तिने खुर्ची पुढे ओढली.

तिच्याजवळ सांगायला चार वर्षांचं साठलेलं होतं. रंगाऱ्याच्या बायकोचं, विहिरीच्या पंपाचं, बाबांनी एकदा चुकून दुसऱ्याच्या लग्नात जाऊन जेवून आल्याचं. शनिवार तसाच गेला. रविवारी ती गोष्टीत एखाद्या माणसाला रस्त्यात सोडून दुसऱ्याकडे जायची, मग पहिल्याला न्यायला परत यायची. हा नुसता ऐकत होता. चहा गार झाला, परत गरम केला, परत गार झाला.

बाहेर हॉर्न वाजला. खिडकीशी बसलेली लेक ओरडली, "बाबा, पाचची बस! बाबा, गेली!"

"जाऊ दे," कवळीवाला म्हणाला. पुढची सातला होती. त्याने मान वळवलीसुद्धा नाही. "हं, आई. मग ती पंपवाली बाई काय म्हणाली?"