दुखवट्यात बाहेरचं जेवण

मी जेवत होते. नवरा गेल्याला महिनाही पुरता झाला नव्हता, तेव्हापासून मी बाहेर जाऊन पोटभर जेवत होते. हे कुणाला सांगितलं नाही. एक तर मी फार बोलणारी बाई नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या न जेवण्याचं नातेवाइकांत फार कौतुक चाललेलं होतं. आता तेच नातेवाईक वाटेल ते बोलताहेत. तेव्हा जे झालं ते मीच लिहून टाकते.

आमच्यात रीत अशी, की नवरा गेलेल्या बाईला माहेरच्यांनी येऊन दुखवट्याची साडी नेसवायची, जेवू घालायचं आणि मग तिनं घराबाहेर पडायचं. तोवर परक्याच्या ताटाला बसायचं नाही. माझं माहेर म्हणजे उदगीरकडे शेती करणारा एवढा एक दादा. तो "येतो, येतो" म्हणत होता. आधी सोयाबीन काढायचं राहिलं होतं, मग सुनेचं बाळंतपण निघालं. मी इकडे हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या सोयाबीनची वाट बघत बसलेली.

माझी मोठी नणंद नल्लकुंट्यात राहते. मी त्यांना वन्सं म्हणते. पहिल्या दिवशीचा कडू घास त्यांनीच माझ्या तोंडात घातला, आणि पुढे रोज ऑटोवाल्याच्या हाती डबा धाडला. वरण, भात, दोडक्याची भाजी. त्यांच्या हाताला चव आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

ह्यांना बाहेर खायचा भारी शौक. सिकंदराबादेत रेल्वेच्या कचेरीत नोकरी, पासपोर्ट कधी काढलाच नाही. म्हणायचे, "सगळी दुनिया हैदराबादला येऊन दुकान टाकतेय, आपण कशाला जायचं?" दर शनिवारी संध्याकाळी कपडे करून विचारायचे, "बोल, आज थायलंड का लेबनॉन?" अरबी मंडीच्या, म्हणजे मटण-भाताच्या, हॉटेलात खाली बसून एका परातीत जेवलो, तिबेटी मोमोच्या चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं, चायनीजचे तर पाच प्रकार पालथे घातले. वन्संना सांगायचो, दत्ताच्या देवळात जातो. त्या कट्टर शाकाहारी, घरात कांदासुद्धा बेतानंच.

एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमच्या देवळात प्रसादाला लसूण घालतात काय गं?"

हे जराही न हसता म्हणाले, "अक्का, कर्नाटकातला दत्त आहे तो. तिकडं चालतं."

तर हे गेल्यावर एका बुधवारी दुपारी मी चपला घातल्या आणि निघाले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. हिमायतनगरच्या बाजूला एका कोरियन हॉटेलची पाटी दिसली, त्याचे जिने चढले. वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "और कोई आनेवाले हैं क्या, अम्मा?" मी म्हटलं, "नहीं. बस मैं हूँ." तिनं समोरची प्लेट उचलून नेली. तेवढं एक जड गेलं.

मग तापलेल्या दगडी वाडग्यात भात आला. वर भाज्या, अंडं, लालभडक तिखट. तळाशी भाताची खरपूस खरवड धरलेली. मी ती चमच्यानं खरवडून खरवडून खाल्ली. आणि सांगते, रडू आलं नाही. ह्यांची आठवण आली, पण घास अडला नाही. इतक्या दिवसांनी जिभेला चव लागली. कबूल करायची गोष्ट असेल तर ही एवढीच. मला ते आवडलं.

मग मी जातच राहिले. शनिवारी, कधी बुधवारीही. वन्संचा डबा तसाच भरलेला परत जाऊ लागला. "भूक नव्हती," मी फोनवर सांगायचे. त्या हुंदका गिळायच्या आणि पुढचा फोन दुसऱ्या कुणाला लावायच्या. अन्न सोडलंय हो तिनं, नवऱ्यामागं झुरतेय. चुलतसासवा मला धीर द्यायला फोन करायच्या. मी मुकाट ऐकून घ्यायचे. ऐकायला बरं वाटायचं, हेही खरं. इकडे ब्लाउज दंडाला काचायला लागले होते.

शेवटी दादा आला. साडी घेऊन, सोबत रिकामी बॅग घेऊन. वन्संही आल्या होत्या. साडी नेसवून झाली तशा त्या पदर डोळ्यांना लावून दादाला म्हणाल्या, "रोजचे डबे परत येतात, दादा. ही अशानं जायची. न्या हिला गावाकडं."

"तेच ठरवून आलोय, ताई. फ्लॅट देऊ भाड्यानं." दादा माझ्याकडे वळला. "बाई, बॅग भर. तुझी भावजय म्हणाली, माझ्या डोळ्यासमोर दोन घास खाईल."

माझं घर जायला निघालं होतं, आणि ते माझ्याच थापेमुळं. मी म्हटलं, "दादा, मी जेवते."

"काय जेवतीस? हाडं निघालीत बघ."

"कुठं निघालीत? नीट बघ तरी. मी बाहेर जेवते. हॉटेलात. महिना व्हायच्या आधीपासून."

वन्संनी पदर खाली घेतला. "दुखवटा निघायच्या आधी?"

"हो."

"माझा भाऊ जळला आणि तू हॉटेलात बसून इडली-डोसे खात होतीस?"

"इडली नाही, वन्सं. शवर्मा. चिकनचा."

दादा म्हणाला, "अगं, हळू."

"हळूच होते इतके दिवस. डबे न खाता परत केले आणि उपाशी असल्याचं सोंग केलं, ते चुकलं. त्याबद्दल वन्संचे पाय धरते. जेवले त्याबद्दल नाही धरणार."

"आणि ते देऊळ?" वन्संनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"देऊळ नव्हतंच. तुमचा भाऊच मला न्यायचा. दर शनिवारी."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी तसाच भरलेला डबा पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली, सोडली, परत मारली. "मला एकदाही विचारलं नाही त्यानं," म्हणाल्या. "नसतं खाल्लं मी. पण विचारायचं तरी." आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर डबा बंद झाला. फोनही नाही. चुलतसासवांचे मात्र येतात, सूर बदलून.

दादानं सगळी दुपार समजावलं. लोक काय म्हणतील, एकटी बाई, आजारी पडलीस तर. मी चहा करून दिला, बॅग काही भरली नाही. "मी इथंच राहणार," एवढंच म्हणत राहिले. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं तर दुसऱ्याची गरजही नव्हती. ऊन कललं तशी त्यानं रिकामी बॅग उचलली. खाली ऑटोत बसल्यावर तोंड बाहेर काढून चिडूनच म्हणाला, "मग आज काय खाणार आहेस?"

"ठरवलं नाही," मी म्हटलं. "बाहेर पडल्यावर बघीन."