यांदेने मागितलेलं कोकरू

गाम्बियाच्या सीमेवरच्या आमदलाई नाक्यावर यांदे जूफ बारा वर्षं बसते आहे. गाम्बियातून सेनेगलला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कपाळासमोर तापमापक धरायचा आणि आजाऱ्याला बाजूला बसवायचं, एवढंच सरकारने तिला सांगितलंय. तोंड चालवायला कुणी सांगितलं नव्हतं, पण नाक्यावरची निम्मी कामं त्या तोंडानेच होतात.

यांदे सेरेर जमातीची. सेरेर आणि फुला धनगर यांचं नातं थट्टेचं. दोघांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि जो रागावेल त्याची गावभर नाचक्की. शिवाय या नात्यात मागितलेली वस्तू नाकारायची नसते. पलीकडच्या, सेनेगलातल्या कारांगमधला गुरांचा डॉक्टर आन्सू दियाता जोला जमातीचा, आणि जोलांशीही सेरेरांची हीच थट्टा. त्यामुळे दोन देशांचे कागद राजधान्यांतून फिरून येईपर्यंत इथे दोन शिव्यांत काम उरकलेलं असतं.

त्या वर्षी तोबास्की, म्हणजे बकरी ईद, नऊ दिवसांवर आली होती. येरो नावाचा फुला धनगर सेनेगलकडून ऐंशी मेंढरं घेऊन नाक्यावर आला.

“काय रे गुलामा, दूध पिऊन पिऊन रंग उडाला की काय तुझा?” यांदेने हाक दिली.

“भाताच्या ढिगाआडून धनिणीला आम्ही दिसलो, हेच नशीब!” येरो हसला, पण काठीवर रेलून. तापमापकाने चांगला चढा ताप दाखवला.

“उन्हातून आलोय,” तो म्हणाला.

यांदेची नजर कळपावर गेली. दिवस विण्याचे, आणि एकाही मेंढीच्या मागे पिल्लू नाही. सरळ विचारलं असतं, तर येरो शपथेवर खोटं बोलला असता. ऐन बाजाराच्या तोंडावर आजारी कळपाचं नाव कोण काढेल?

“ते राहू दे,” ती म्हणाली. “मला ईदेला एक कोकरू दे. आत्ता.”

येरोचं हसू मावळलं. “मेंढा घे ना, चांगला शिंगाळा.”

“कोकरूच हवं. गुलाम कधी धनिणीला नाही म्हणतो का?”

रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि द्यायला कोकरू नव्हतं. येरो मटकन खाली बसला.

“कुठून देऊ, यांदे? तळ्याकाठी मुक्काम होता, तिथे एकतीस मेंढ्या गाभडल्या. जन्मली ती पिल्लंही दोन दिवसांत गेली.”

यांदेने तिथूनच आन्सूला फोन लावला. “ऊठ रे ताडीबहाद्दरा, बर्फाचा डबा घे आणि ये.”

अर्ध्या तासात तो मोटरसायकलवर हजर. कळप नाक्यावरच थांबवला, आणि मेंढ्यांचं नि येरोचं रक्त त्याच दिवशी तपासायला सेनेगलच्या राजधानीत, डाकारला गेलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: रिफ्ट व्हॅलीचा ताप. तो डासांनी पसरतो, आणि आजारी जनावराच्या रक्तानेही. ईदेला तर घरोघरी सुरी फिरणार होती. त्याच तळ्यावर पाणी प्यालेले आणखी तीन कळप होते. एक आन्सूने पलीकडे गाठून अडवला, दोन यांदेने अलीकडे. मालकांनी तिला शिव्या घातल्या, त्या मात्र थट्टेच्या नव्हत्या.

येरोचा ताप उतरेना, नाकातून रक्त यायला लागलं. जवळचं मोठं रुग्णालय सेनेगलात, गाडी मात्र गाम्बियाची. शिपायाने कागद न मागता फाटक वर केलं.

ईदेच्या आदल्या दिवशी यांदे त्याला भेटायला गेली. वाटेत तिने निवडक शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. पण खाटेवरचा तो पिवळा, चिपाडासारखा माणूस पाहिला आणि ती त्या सगळ्या विसरली.

“कसं वाटतंय आता, येरोभाऊ? काही लागलं तर सांगा हं.”

येरोचे डोळे विस्फारले. त्याने नर्सचा हात घट्ट धरला. “डॉक्टरांना बोलवा! मी मरतोय का? ही मला अहो-जाहो करतेय!”

यांदेला रडूच फुटलं. रडता रडताच तिने त्याच्या सात पिढ्यांचा, त्याच्या गाईंचा आणि त्याच्या कुबट टोपीचा उद्धार केला. येरोने डोळे मिटून सगळं नीट ऐकून घेतलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच खायला मागितलं.