स्नोबोर्ड गोधडीतून गुलमर्गला

आमच्या करमाडात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, रसवंतीत आणि लग्नातल्या मठ्ठ्याच्या पिंपात. अशा गावातून माझी भाची सायली गुलमर्गला स्नोबोर्डच्या शर्यतीत उतरायला निघाली. दोन्ही पाय फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, असा तो खेळ. हे ऐकून पारावरच्या एका आजोबांनी विचारलं, "पाय बांधून कशापायी? पोरगी पळून जातीय का?"

मी तिची आत्या. सहकारी बँकेतून निवृत्त झालेली, एकटी, गुडघे शाबूत असलेली. अशी एक बाई प्रत्येक घराण्यात असतेच, आणि कुणाला कुठंही 'सोबत' हवी असली की सगळ्यांना नेमकी तिचीच आठवण होते.

सायली हा खेळ गुलमर्गच्याच एका शिबिरात शिकली होती आणि ही फळी तिनं तिथल्या प्रशिक्षकाकडून जुनी विकत घेतली होती. दुसरी नव्हती आणि मिळायचीही नव्हती. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दादानं, परवानगी दिली ती अट घालूनच. "एवढी एक खेप जाऊन ये. फळी जशी चालली तशी धड वापस आली तर पुढचं बघू. मोडून आणली तर खेळ बंद. मंग इथंच शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला लागायचं." सायली 'व्हय' म्हणाली. फळीला तडा जाणं म्हणजे पोरीच्या नशिबाला तडा, असा तो हिशोब होता.

आता दादाविषयी. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर आहे. गाड्यांचे पोलादी भाग पेट्यांत भरून परदेशी धाडायचे, हे त्याचं काम. त्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूकडे तो 'ही कशात भरायची' याच नजरेनं बघतो. माझ्या गुडघ्यांकडेही त्यानं निघण्याआधी तसंच बघितलं होतं.

प्रशिक्षकानं सायलीला सांगितलं होतं की पाय अडकवायचे पट्टे काढायचे, फळीच्या दोन्ही टोकांना जाड कपडे गुंडाळायचे आणि लांब पिशवीत घालून न्यायचं. दादा हसला. "कपड्यात गुंडाळायला ते काय तान्हं बाळ हाय? माल हाय तो." सायली हातमोजे आणायला शहरात गेली, तेवढ्यात त्यानं कामाला हात घातला. शेंद्र्यात पोलादाचा तुकडा गंज न चढण्याचं तेल लावल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. फळीच्या कडेला पोलादी पट्टी असते, म्हणून तिला तेल चोपडलं. हात तेलाचे झालेच होते, म्हणून फळीच्या अख्ख्या तळालाही चोपडलं. त्यावर तेलकट कागद, त्यावर फुग्यांचा प्लास्टिक कागद, त्यावर वहिनीची गोधडी, आणि हे सगळं खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीत.

पॅकिंगचा पहिला नियम असा की पेटीत पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की माल आदळतो. आणि आमच्या गावचा पहिला नियम असा की कुणी परगावी निघालं तर त्याला मोकळ्या हातानं जाऊ द्यायचं नाही. हे दोन नियम त्या पेटीत एकमेकांना कडकडून भेटले. वहिनीनं धपाटे कोंबले. शेजारणीनं शेंगदाण्याची चटणी दिली, आमच्या काकूंनी खारीक-खोबरं दिलं, आणि पाचोडच्या मावशींनी बाजारच्या दिवशी आठवणीनं ज्वारीच्या पिठाची पिशवी धाडली, का तर "तिकडं नुसता भात खातेत". पेटी उचलायला चौघे लागले. चौघांनी खांदा दिला तेव्हा समोरून येणाऱ्या एकानं चप्पल काढून हात जोडले.

चिकलठाण्याच्या विमानतळावर सामानाच्या गाडीवाल्यानं पेटीला एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाजी, सच बोलना. मय्यत तो नै ना इसमें?"

"नाही हो. खेळायची फळी आहे."

"खेलने की? इत्ता बडा क्या खेलते तुम लोगां?"

आत काउंटरवरच्या मुलीनं पेटी बघितली आणि तिचं हसू मावळलं. वजन बसेना. लांबी बसेना. पेटी तपासणीच्या यंत्राच्या तोंडात तर अजिबातच बसेना. "मॅडम, हे लाकूड उघडून आणा," ती म्हणाली. दादा अजून बाहेरच उभा होता, विमान डोळ्यांनी उडालेलं बघितल्याशिवाय तो हलणार नव्हता. निरोप ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दयाच आली. गाडीतून पहार काढून त्यानं स्वतः ठोकलेले खिळे स्वतःच उपटले. सायली शेजारी उभी राहून रडू आवरत होती. विमान थांबणार नव्हतं. पिठाची पिशवी फुटून दादाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. शेवटी पेटी राहिली, पीठ राहिलं, खारीक राहिली. फळी गोधडीत गुंडाळून सुतळीनं करकचून बांधली आणि धपाटे माझ्या पर्समध्ये आले. "पोकळी ऱ्हायली," दादा दोनदा म्हणाला.

दिल्लीला विमान बदललं. श्रीनगरच्या सामानपट्ट्यावर चाकांच्या, चकचकीत, फळीच्या मापाच्या पिशव्या एकामागून एक येत होत्या. पुण्याच्या एका मुलानं त्याची महागाची पिशवी उघडली तर आतल्या फळीचं टोकच उडालेलं. तो तिथंच मटकन खाली बसला. मग पडद्यामागून आमची गोधडी आली, जुन्या लुगड्यांच्या ठिगळांची. फेरन (गुडघ्याखाली येणारा सैल लोकरी झगा) घातलेल्या हमालानं ती आदरानं उचलली. "अम्मा, बिस्तर साथ लाई हो? होटल में रज़ाई मिलती है."

गुलमर्गच्या वाटेवर देवदारांवर बर्फ साचलेला होता आणि ड्रायव्हरनं मांडीशी कांगडी (वेताच्या टोपलीतली निखाऱ्यांची शेगडी) घेतली होती. पहिला बर्फ दिसला तेव्हा मी इतकी हरखले की खाली उतरून मूठभर उचलला. पुढचे दोन तास माझी बोटं माझं ऐकत नव्हती. हॉटेलात नून चाय (मीठ घातलेला गुलाबी चहा) आला. चूक मालकाची असेल असं समजून मी त्यात साखर घातली, आणि मग चूक माझीच झाली.

सायलीचे प्रशिक्षक मंजूरभाई आले, गोधडी सोडली, कागद उलगडले आणि थक्क झाले. "एक खरोंच तक नहीं! किसने पैक किया?" सायलीनं मान ताठ करून सांगितलं, "मेरे पप्पा ने." मी तो क्षण लगेच फोनवरून दादाला कळवला. तिकडून फक्त "मंग!" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी सराव होता. सायलीनं पाय बांधले, उतारावर झुकली आणि तिथंच तोंडावर आपटली. फळी जागची हलली नाही. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. ओल्या कणकेला पीठ चिकटावं तसा फळीच्या तळाला बर्फ चिकटला होता. मंजूरभाईंनी तळावर बोट फिरवून वास घेतला. "यह तो गाड़ी के पुर्ज़े की बू है."

मी दादाला फोन लावला. "दादा, फळी घसरत नाही."

"घसरंना म्हंजी? ओरखडा आलाय का?"

"ओरखडा कसला? तू तळाला तेल चोपडलंस, त्याला बर्फ चिकटतोय. अरे, ती फळी बर्फावर घासायचीच असते."

"घासायची? रोज?"

"रोज."

"मंग मी एवढं पॅकिंग कशापायी केलं?"

आमच्या घरात पोरींचंही पॅकिंग असंच करतात, पण थंडीत उभं राहून तेवढं तत्त्वज्ञान सुचलं नाही. दादानंच पुढं सांगितलं, "रॉकेल मिळतंय का तिथं? रॉकेलनं पुसा. आमचं तेल त्यालाच भितंय." मंजूरभाईंनी कपाळावर हात मारला, पण रॉकेल आणलं. सायलीनं संध्याकाळपर्यंत तळ पुसला, मग त्यांनी इस्त्रीनं मेण वितळवून चढवलं. खोलीला आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा वास सुटला.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं आणि उताराच्या एका वळणावर बर्फ पातळ झाला होता. काळे दगड दिसत होते. तिथं थांबून वळसा घालणाऱ्या दोघींची झेंड्यांमधली ठरलेली वाट सुटली आणि त्या बाद झाल्या. सायली वळणाशी आली. माझ्या मनात फळी होती, दादाची अट होती, शेंद्र्याचा कारखाना होता. "हळू, गं!" मी ओरडले. ती सरळ दगडावरून गेली. खर्रर्र असा आवाज झाला, माझ्या दातांपर्यंत पोहोचला. ती डगमगली, सावरली आणि खाली पोहोचली. तिचा नंबर वरून मोजण्यापेक्षा खालून मोजणं सोयीचं होतं. पण ती दोन्ही हात वर करून अशी हसत होती की मीही शहाणपण सोडून नाचले.

फळी उलटी केली तेव्हा तळाला वीतभर चर पडलेला दिसला. हसू तिथंच थांबलं.

परतीच्या विमानात मी तिला म्हटलं, "विमानात आपटली म्हणून सांगू."

"नको आत्या. विमानात तिला काहीच झालं नाही. हा दगड माझा आहे."

करमाडला दादा दारातच उभा होता. गोधडी त्यानं स्वतः सोडली. कारखान्यात माल तपासताना तो ओरखड्यावरून नख फिरवतो; नख अडकलं नाही तर माल पास, अडकलं तर भंगारात. त्यानं चरावरून नख फिरवलं. अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. वहिनी पाणी घेऊन तशीच उभी राहिली.

"कशानं झालं हे?"

"दगड होता, पप्पा. बर्फ पातळ होता."

"दिसला नाय तुला?"

"दिसला. थांबले असते तर बाद झाले असते."

दादानं फळी भिंतीला टेकवून ठेवली. "लई जोरात गेली असशील," तो म्हणाला.

"लई."

"पुढच्या खेपेला कवा जायचं, ते आधीच सांग. मला रजा टाकावी लागंल."

सायली आत पळाली, रडायलाच असणार. माझी सोबतीची नोकरी उभ्या दारात गेली होती, आणि उभ्या आयुष्यात नोकरी गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.