गुळाच्या पाण्याचा कौल

आकाराम सुभेदार देव मानत नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना नास्तिक म्हणायचं कुणाच्या जिभेवर आलं नाही. "सुभेदाराचं आन् देवाचं जमत न्हाई," एवढंच लोक म्हणायचे, जसा काही दोघांचा बांधावरून तंटा असावा. गाव कुंडलच्या पलीकडचं, उसातलं, घरटी एक माणूस फौजेत. फौजी माणसं बहुतेक देवभोळी होऊन परत येतात. कानाजवळून गोळी गेलेली ज्यानं ऐकली, तो देवळाच्या पायरीशी आपोआप वाकतो. आकाराम मात्र फौजेच्या दवाखान्यात नर्सिंगच्या कामावर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गंडे बांधलेले हात आणि न बांधलेले हात एकाच स्ट्रेचरवरून उचलले, आणि दोन्ही मनगटांतली नाडी सारखीच थांबताना पाहिली. देवाचं काय ते त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

बायको साळूबाई अगदी दुसऱ्या टोकाची. गावात यमाईचं लहानसं ठाणं आहे. मूळ देवी औंधाची, पण डोंगर चढून जाणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ती इथंही येऊन बसली आहे असं बायका मानतात. साळूबाई तिला कौल लावल्याशिवाय काही करत नसत. गुरव नाथाजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायचा. माणसानं हात जोडून आपला प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हैस घेऊ का, लेकाला सांगलीत धाडू का, लावणीला आडसाली ऊस धरू का, सगळं आईच्या दारात जायचं.

"आज भाजी कंची करायची, त्येबी इचारून आलीस का?" सुभेदार चिडवायचे.

"इचारलं आसतं, पर आईला लय कामं हाईत," साळूबाई म्हणायच्या आणि वांगी चिरायला घ्यायच्या.

अशी त्यांची तीस वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर बरी गेली. तो तिच्या देवाला हसायचा, ती त्याच्या हसण्याला हसायची. माणसं एकाच चुलीवर जेवून दोन जगांत राहू शकतात, त्याला फार शहाणपण लागत नाही, थोडं हसता आलं की पुरतं. सुभेदारांचं हसू पुढं एका दिवशी आटलं, तिथून ही गोष्ट बिघडली.

साळूबाईंच्या छातीत गाठ निघाली. सुभेदारांनी हात लावून पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं. थोरला मुलगा जयराज सांगलीच्या विश्रामबागेत राहायचा, त्यानं तिथल्याच एका दवाखान्यात दाखवलं. महिन्याच्या आत ऑपरेशन करा, डॉक्टर म्हणाले. साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मंगळवारी कौल लावू."

मंगळवारी डावी पाकळी पडली.

झालं, बाई ऐकेना. जयराजनं समजावलं, सून दीपमालानं रडून पाहिलं, सुभेदारांनी तर पाटीवर गाठीचं चित्र काढून ती कशी पसरते ते दाखवलं. "आई न्हाई म्हनलीया," या एका वाक्यापुढं कुणाचं काही चालेना. त्या चिडल्या नव्हत्या, हट्टालाही पेटल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच काळजी वाटत नव्हती.

सुभेदार नाथाजीकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते गुरवाच्या घरी पाटावर बसले. "गड्या, पुढच्या मंगळवारी परत कौल लाव. उजवा पायजे."

"पायजे म्हंजे? त्यो काय माझ्या हातात हाय व्हय?" नाथाजी म्हणाला.

"पाकळी तर तुझ्याच हातात आसती न्हवं?"

नाथाजी भला माणूस होता, देवीला मानणारा होता, पण साळूबाईंनी त्याच्या पोरींच्या बाळंतपणात रात्री जागवल्या होत्या. शेवटी तोच म्हणाला, की डावीकडं गुळाचं पाणी लावलं तर पाकळी दुपारपर्यंत हलत नाही. "पर सुभेदार, ह्ये माझ्या न् तुमच्यात ऱ्हाऊ द्या. तुमाला देव न्हाई, मला हाय. मला त्येच्यासमोर रोज हुबं ऱ्हायचं आसतं."

पुढच्या मंगळवारी नाथाजीच्याच सांगण्यावरून साळूबाईंनी प्रश्न जरा बदलून विचारला, आणि हात जोडून डोळे मिटायच्या आतच उजवी पाकळी पडली. त्या उठल्या त्या थेट घरी येऊन पिशवी भरायला लागल्या. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर त्या अशा निजल्या होत्या की जणू माहेरी निघाल्या आहेत. आत नेणारी नर्स सुभेदारांना म्हणाली, असा पेशंट मी पाहिला नाही, हिचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सुभेदारांनी अशी हजार माणसं आत जाताना पाहिली होती. शूर म्हणवणारे जवान सुई पाहून त्यांचं मनगट धरायचे. ही बाई दारातून आत जाताना त्यांच्याकडं बघून हसली. ते मनात म्हणाले, गुळाचं पाणी कामाला आलं.

तिथं त्यांची पहिली चूक झाली. त्यांना वाटलं, हे सगळं पाण्याचं काम.

साळूबाई बऱ्या झाल्या. पुढची सात वर्षं त्या कशा जगल्या! नवसाची ओटी घेऊन औंधाला चालत डोंगर चढल्या. कुणी बाई दुखणं लपवतेय असं कळलं की तिला घेऊन स्वतः सांगलीला जायच्या. "आई व्हय म्हनलीया, म्हनून म्या जगले, तूबी जगशील," असं म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यावर दोन बाया वेळेत दवाखान्यात पोचल्या. सुभेदारांच्या भाषणानं आजवर एकही पोचली नव्हती.

मग धाकट्या लेकीचं, पूजाचं लग्न निघालं. मुलगा साताऱ्याचा, शाळेत शिक्षक, पूजाला पसंत. साळूबाईंनी कौल लावला, डावा आला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. त्या स्थळाला नको म्हणाल्या. पूजा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांचा तोल गेला. सोप्यात पूजा होती, दीपमाला सुट्टीला आलेली होती, चुलीपाशी साळूबाई होत्या.

"त्या दगडाला काय कळतंय?" ते ओरडले. "तुझ्या आपरेशनच्या टायमाला पैल्यांदा डावाच आलता. दुसरा उजवा म्या लावून घेटला. गुळाचं पानी लावून! जा, नाथाजीला इचार जा!"

म्हणताना त्यांना बरं वाटलं. ही गोष्ट पुढं कित्येक वेळा त्यांनी स्वतःशी कबूल केली. सात वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं, आणि पोरीसमोर आपलंच खरं ठरलं, याचा त्यांना क्षणभर आनंद झाला होता.

साळूबाईंनी तव्यावरची भाकरी काढली. पदर सावरून त्या देवळाकडं गेल्या. अर्ध्या तासानं आल्या. नाथाजीनं मान खाली घातली होती, एवढंच त्यांनी सांगितलं. मग उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आवं, आई तर न्हाईच म्हनली हुती. मग म्या सात वरसं कुनाच्या हुकमानं जगले?"

"डाक्टरच्या," सुभेदार म्हणाले. उत्तर बरोबर होतं. त्याहून वाईट उत्तर त्यांना सापडलं नसतं.

पूजाचं लग्न झालं. साताऱ्यात तिचं छान चाललं आहे, जावई गुणी निघाला. सुभेदार बरोबर होते, इथंही बरोबर होते. पण घरातली बाई बदलली. मंगळवारी त्या धुणं काढून बसायला लागल्या. देव्हाऱ्यात दिवा लावायच्या, हात जोडायच्या नाहीत. आणि सगळं नवऱ्याला विचारायला लागल्या. आंबील करू का? आज शेताकडं जाऊ का? हे लुगडं चांगलं दिसतंय का? सुरुवातीला सुभेदारांना मजा वाटली. महिनाभरात त्यांना समजलं की आपल्याला देवीच्या जागी बसवलं आहे, आणि ती जागा आपल्याला झेपणारी नाही. "तुला वाटंल ते कर गं," ते वैतागून म्हणायचे. "मला काय वाटतंय त्येच कळंना झालंय," साळूबाई सांगायच्या. दाराची कडी त्या तीन तीन वेळा तपासायच्या. आभाळ गडगडलं की आत जाऊन बसायच्या. ज्या बाईला साठ वर्षं कशाची भीती वाटली नव्हती, ती आता सगळ्याला भ्यायची.

सुभेदारांनी एकदा धीर करून म्हटलं, "चल की देवळात. म्या येतो संगं." साळूबाईंनी त्यांच्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तितं जाऊन काय करू? तितं तुमीच दिसता मला."

दोन वर्षांनी दुखणं उलटलं. या वेळी पाठीच्या मणक्यात. कौलाचं नावही निघालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तिथं त्या गेल्या, म्हणाले तितकी इंजेक्शनं घेतली, शहाण्या पेशंटासारखी एकेक गोळी वेळेवर गिळली. फौजेतल्या सुभेदाराला पाहिजे होतं तसं सगळं घडत होतं. फक्त प्रत्येक वेळी सुई दिसली की साळूबाई सुभेदारांचं मनगट धरायच्या, आणि मशीनच्या खोलीत नेताना त्या दाराची चौकट धरून ठेवायच्या. नर्सला त्यांची बोटं सोडवावी लागायची. सुभेदार बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसायचे. त्यांना पहिल्या वेळचं ते हसू आठवायचं. आजार तोच होता, बाई तीच होती, दवाखानाही तोच. मधून एकच गोष्ट काढून घेतली गेली होती आणि ती त्यांनी काढली होती.

पाकळ्या पाण्यानं चिकटतात आणि सुकल्या की पडतात, हे ते आजही म्हणतात. यात त्यांचा काडीचा बदल झालेला नाही. पण साळूबाई पाकळीला धरून नव्हती, हे त्यांना फार उशिरा कळलं. तिला कुणीतरी आहे असं वाटायचं. डावा आला तरी कुणीतरी आहे, उजवा आला तरी कुणीतरी आहे. एवढ्यावर ती जगली. सुभेदारांनी कौल खोटा पाडला आणि त्याबरोबर त्या कुणाला तरी घरातून हाकलून दिलं. त्याच्या जागी द्यायला त्यांच्याकडं खरं बोलण्याशिवाय काही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात दुपारची वेळ होती. जयराज खाली औषधं आणायला गेला होता. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. साळूबाईंनी सुभेदारांचा हात धरला.

"आवं, मला लय भ्या वाटतंय. मी बरी व्हईन का?"

सुभेदारांना रिपोर्ट पाठ होते. जन्मात त्यांनी स्वतःच्या तोंडानं पेशंटाला खोटं सांगितलं नव्हतं, त्याचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान त्यांनी त्या खाटेपाशी सोडून दिला. "व्हशील. का न्हाई व्हनार? चांगली खडखडीत व्हशील."

साळूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. चिडवत नव्हत्या, रागातही नव्हत्या. लहान पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "तुमी म्हनताय त्येच्यावर तुमचा तरी इस्वास हाय का?"

सुभेदार व्हय म्हणायला गेले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, आणि ते तिनं पाहिलं.