कांतीसरांचं बीजगणित

माझी चूक आधी सांगतो. ती लपवून कांतीसरांबद्दल लिहिणं मला जमणार नाही. घोडेगावच्या आमच्या शाळेत तपासणी व्हायची होती आणि तिथला कारकून म्हणून संगणकखोली माझ्याकडे होती. एका संगणकात इंग्रजी अक्षरांतल्या अगम्य बडबडीच्या फाइली दिसल्या. कचरा समजून मी त्या पुसून टाकल्या. ते सरांचं पुस्तक होतं. डोंगरातल्या गावांहून एसटीने येणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं बीजगणित.

सर गणित शिकवायचे. घरचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, पण हे एकटेच खडूकडे वळले. पुण्याहून त्यांनी एका सीडीवर अक्षरजुळणीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात मराठीही इंग्रजी अक्षरांतच लिहायची, मथळा कुठला आणि उदाहरण कुठलं एवढं खुणेनं सांगायचं. पान ते सॉफ्टवेअर आपलं आपण मांडायचं. समीकरणं इतकी देखणी उतरायची की बघत राहावं. मी मात्र माउसने चौकटी सरकवत प्रश्नपत्रिका करायचो. सर मागे येऊन म्हणत, "राव, पावण्यांना पाटावर बसवण्यातच तुझी दुपार गेली. वाढणार कधी?"

मागेल त्याला ते सीडीची नक्कल करून देत, वर शिकवतही. त्यांचे थोरले भाऊ दुकानातून ओरडत, "सॉफ्टवेअर फुकट, शिकवणी फुकट, अन् चहा आमचा! ह्यो आमच्या घरात कसा निपजला?" सर हसत. "बनवणाऱ्यानं माझ्याकडं काय मागितलं न्हाई. मग मी कुणाकडं मागू?"

फाइली गेल्याचं कळलं त्या दिवशी सर खुर्चीत नुसते बसून राहिले. निवृत्तीआधी पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता. "मशीन बिघडलं असंल," ते म्हणाले. "असेल," मी म्हणालो.

चुका बघायला सरांनी आधी छापून घेतलेली पानं तेवढी शिल्लक होती. त्यांवरून सगळं पुन्हा टाइप करायला मी रोज शाळा सुटल्यावर बसू लागलो. सरांनी एकेक खूण समजावली. चुकलो की म्हणत, "कंस उघडलास तो बंद कोण करणार, तुझा सासरा?" आज वारूळवाडीत अक्षरजुळणीच्या कामावर माझं घर चालतं, ते त्या शिकवण्यामुळे. सर आता नाहीत. त्यांचे उपकार मात्र रोज हाताशी असतात.

पुस्तक पुरं झालं तेव्हा सरांनी आभाराचा मजकूर टाइप करायला माझ्याकडे दिला. त्यात एकच नाव होतं, माझं. ते टाइप करायला बोट उचलेना. उठून शिक्षकांच्या खोलीत गेलो. सर एकटेच वह्या तपासत होते.

"सर, मशीन बिघडलं नव्हतं. फाइली मी पुसल्या."

त्यांनी चष्मा काढला. "मुद्दाम?"

"नाही. कचरा वाटला."

"मग येवढे दिवस बोलला का न्हाईस?"

"पुसल्या त्या न कळून, सर. पण गप्प बसलो तो ठरवून, रोज तुमच्या शेजारी बसून. त्यासाठी मला माफ करा."