कटिंगवाल्या ताईंचं शिबिर

कपड्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या बाईंना सगळे ताईच म्हणत. सख्खा भाऊ मात्र एकच, पाठचा. वेल्डिंग करायचा. बत्तिसाव्या वर्षी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर म्हणाले, याचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, बदलावा लागेल. भावंडाचा जुळण्याची शक्यता चारात एक. ताईंचा जुळला नाही.

"आपलं लहानपणापासून कधी जुळलंय का?" धाकटा म्हणाला. ताईंना हसू आलं नाही.

त्यांनी मगज देणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या एका संस्थेला बोलावून कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये नोंदणी शिबिर भरवलं. एक फॉर्म, गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा, की झालं. एकशे चाळीस जणांनी नावं दिली, एकही जुळला नाही. संस्थेच्या जुन्या यादीत मात्र परगावचा एकजण सापडला. तो हो म्हणाला, तारीख ठरली, आणि आठवडाभर आधी त्याने फोन उचलणं बंद केलं. दुसरा शोधेपर्यंत धाकटा गेला.

त्या कधी न पाहिलेल्या माणसाला ताई मनातल्या मनात शिव्या घालत राहिल्या. शिबिरं मात्र सोडली नाहीत. फक्त आता त्या कितीतरी जणांना टेबलापासूनच परत पाठवायच्या. "घरी विचारलंस? नाही ना? मग आज नाव देऊ नकोस." संस्थेची माणसं वैतागायची.

तीन वर्षांनी पहिल्या शिबिरातली काज-बटणाच्या मशीनवरची मुलगी कुणाशी तरी जुळली. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा तावातावाने कटिंगच्या टेबलाशी आला.

"तिच्या मणक्यात सुई घालणार म्हणे! ती अंथरुणाला खिळली तर तुम्ही येणार का बघायला?"

"मणक्याला कुणी हात लावणार नाही. पाच दिवस इंजेक्शनं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, हव्या त्या पेशी काढून दुसऱ्या हातातून परत. अंग ठणकेल, खोटं सांगत नाही."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर आजच सांगा. त्या पेशंटचा स्वतःचा मगज औषधांनी मारून टाकल्यावर नाही म्हणालात, तर तो जगत नाही."

मुलगी मागेच उभी होती. "मी जाणार आहे," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

पेशी काढल्या त्या दिवशी ताई हॉस्पिटलात चार तास तिच्या खाटेशेजारी बसल्या. पेशींची पिशवी कुणासाठी गेली, ते सांगत नाहीत.

पाच महिन्यांनी संस्थेने कळवलं, पेशंट वाचला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुलगी ताईंकडे आली. "माझंच काही कमी पडलं का हो?"

"नाही गं. एवढं करूनही माणसं जातात."

"यादीतलं नाव काढू?"

"तुझं तू ठरव."

ती बराच वेळ कापडाच्या थरावरून हात फिरवत राहिली. "राहू दे," म्हणाली आणि मशीनकडे गेली.

तो परगावचा माणूस आला असता, तरी धाकटा कदाचित गेलाच असता, हे ताईंच्या मनात त्या दुपारी पहिल्यांदा आलं. त्याने जीव हलका झाला नाही. शिव्या घालायला एक माणूस होता, तोही हातचा गेला.